कावळ्याला खलनायक ठरवण्याआधी : एका ताईंना उत्तर

ताई, नमस्कार. तुमचे तीन आक्षेप आहेत. तुमच्या मेंदीच्या कुंपणातली बुलबुलाची पिलं कावळ्यांनी नेली आणि मी त्यांचंच कौतुक करतो. ‘कावळा माणूस ओळखतो’ हे मी लिहिलं, तो माझ्या मनाचा खेळ आहे. आणि उदगीरला कावळ्यांत बर्ड फ्लू सापडल्याचं ऐकूनही मी अंगणात त्यांना पाणी ठेवतो.

पिलं गेल्याचं दुःख मला समजतं. कावळा अंडी-पिलं खातो, यात वादच नाही. पण त्याच दिवसांत त्याचंही घरटं फसवलं जातं. आमच्या परभणीत उन्हाळा तापला की कडुनिंबावर गावकावळ्यांची काड्या-तारांची जुळवाजुळव सुरू होते आणि कोकीळही तेव्हाच ओरडायला लागतो. नर घरट्याजवळ येऊन कावळ्यांना मागे लावतो, तेवढ्यात मादी आपलं अंडं घालून जाते. अंडं कावळ्याच्या अंड्यासारखंच, निळसर-हिरवट आणि ठिपकेदार. शिवाय त्यातलं पिल्लू आधी फुटतं, त्यामुळे चारा मागण्यात तेच पुढे. आमच्या झाडावरच्या जोडीनं गेल्या उन्हाळ्यात असं एक पिल्लू वाढवलं. ते कावळ्यांहून वेगळं दिसायला लागल्यावरही दोघं त्याला भरवत होती. हे बघितल्यावर कावळ्याला नुसता दरोडेखोर म्हणायला माझं मन तयार होत नाही.

आता ओळखण्याचं. सिएटलला २००६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या जॉन मार्झलफ यांनी एक मुखवटा घालून काही कावळे पकडले, खुणेची कडी घातली आणि सोडून दिले. पुढे तो मुखवटा कुणीही घातला तरी कावळे कालवा करत. दुसऱ्या मुखवट्याकडे ते फारसं लक्ष देत नसत. न पकडलेले कावळेही त्या कालव्यात सामील झाले. ती जात अमेरिकेतली, आपला गावकावळा वेगळा, हे खरं. म्हणून मी अंगणात जे दिसतं तेवढंच सांगतो. माझ्या सासऱ्यांनी घरट्याजवळची फांदी छाटली. तेव्हापासून ते टोपी घालून येवोत की बोडक्यानं, वरून कावकाव सुरू होते, कधी डोक्यावरून झेपही येते. मी किंवा दूधवाला गेलो तर झाड गप्प. याला मनाचा खेळ कसं म्हणू? आणखी एक गोष्ट रोज दिसते. वाळलेल्या भाकरीचा तुकडा कावळा पाण्यात भिजवून खातो. उरलेला कुंडीच्या कडेला दडवून वर पाचोळा ठेवतो. दुसरा कावळा बघत असला तर तोच तुकडा उचलून दुसरीकडे नेतो.

उदगीरला जानेवारी २०२५ मध्ये मेलेल्या कावळ्यांत एच५एन१ बर्ड फ्लू सापडला, तेव्हा तुमची काळजी रास्त आहे. मेलेला किंवा आजारी पक्षी हातानं उचलू नये, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. पाण्याचं भांडं मी रोज घासतो. पण आपल्याकडच्या मे महिन्यात पाणीच बंद करणं मला जमणार नाही.

तुमच्या बुलबुलासाठी एक सुचवतो. विणीच्या दिवसांत मेंदी छाटू नका. पानं विरळ झाली की घरटं वरून उघडं पडतं. बुलबुल बहुतेक वेळा पुन्हा अंडी घालतो. यंदा त्याला दाट फांद्या राहू द्या, आणि घरट्याकडे सारखं डोकावू नका. तुम्ही कुठे वाकून बघता, हे कावळाही बघत असतो.