बॅक बटणाबद्दल, तुमच्या आक्षेपाला उत्तर

फ्रेमवर्कमुळे, म्हणजे वेबपानं बांधायच्या तयार सांगाड्यांमुळे, ब्राउझरचं बॅक बटण बिघडतं, असं मी माझ्या लेखात लिहिलं होतं. त्यावर 'फ्रेमवर्क नीट शिकायचा कंटाळा, म्हणून त्याच्या नावानं बोटं मोडायची,' असं तुम्ही लिहिलंत. वर 'जेक्वेरीवाल्यांना जुनेच दिवस गोड वाटतात' हा टोला. झोंबलं, कारण त्यात थोडं तथ्य आहे.

जेक्वेरीचे, म्हणजे त्या जुन्या जावास्क्रिप्ट लायब्ररीनं पानाचा एकेक भाग हातानं बदलायचे दिवस गोड वगैरे नव्हते हो. न वाचलेल्या मेसेजचा आकडा पानावर तीन ठिकाणी: वरच्या पट्टीत, बाजूच्या यादीत आणि टॅबच्या नावात. एक मेसेज उघडला की तिन्हीकडे हातानं बदलायचा, आणि एखादं ठिकाण हमखास राहून जायचं. वर ४, बाजूला ३. माहिती एका जागी ठेवा आणि स्क्रीन तिच्यावरूनच उभी करा, हा विचार २०१३ साली रिॲक्ट हे स्क्रीन बांधायचं साधन सगळ्यांसाठी खुलं झाल्यावर सगळीकडे पोचला, आणि तो मला मनापासून पटतो. लेखात मी तो एका वाक्यात उडवून लावला. चूक माझी.

बॅक बटणाचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. लेखात नुसतं मत होतं, आता घडलेलं सांगतो. आम्ही शोधाची यादी केली होती. तीन फिल्टर लावायचे, खाली स्क्रोल करत जायचं, एक नोंद उघडायची, बॅक दाबायचं. यादी पुन्हा अगदी वरून सुरू, फिल्टर गायब! कारण फिल्टर होते कंपोनंटच्या (स्क्रीनच्या एका तुकड्याच्या) स्टेटमध्ये, म्हणजे त्यानं तात्पुरत्या धरून ठेवलेल्या माहितीत. नोंद उघडली की तो कंपोनंट स्क्रीनवरून जायचा आणि त्याची आठवणही जायची. ब्राउझर बिचारा पानाच्या पत्त्यावरून मागे जातो, आणि फिल्टर लावल्यावर पत्ता आम्ही बदललाच नव्हता. फिल्टर यूआरएलमध्ये, म्हणजे त्या पत्त्यात, टाकायला अर्धा दिवस पुरला. स्क्रोलनं जास्त छळलं: ब्राउझर जुन्या जागी न्यायला बघायचा तेव्हा यादी सर्व्हरकडून आलेलीच नसायची, पान एवढंसं, मग जाणार कुठे? आधी आणलेली यादी जपून ठेवली तेव्हा कुठे जमलं.

'मग दोष तुमचा, फ्रेमवर्कचा नाही,' असं तुम्ही म्हणाल. मान्य. पण शिकवताना पहिल्या धड्यात स्टेट येते, यूआरएल कुठेतरी शेवटी. जो रस्ता सोपा दिसतो त्यावरूनच टीम जाते, आणि घाईच्या प्रोजेक्टमध्ये तर हमखास.

टिकाऊपणाचं म्हणाल, तर २०१६ मध्ये अँग्युलर २ हे फ्रेमवर्क आलं आणि त्याच्याच आधीच्या अवताराचा, अँग्युलरजेएसचा, कोड त्यावर जसाच्या तसा चालेना. उलट एचटीएमएल या पानं लिहायच्या भाषेत बटणाचा टॅग १९९७ च्या चौथ्या आवृत्तीपासून आहे. एंटर, स्पेस, फोकस सगळं फुकट देतो. तरी लोक डिव्हला, म्हणजे नुसत्या साध्या चौकटीला, क्लिक लावून बटण म्हणतात. असो.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य, 'वापरणाऱ्याला यातलं काही कळत नाही.' त्या यादीवर काम करणारे लोक मी शेजारी बसून पाहिलेत. तक्रार कुणीच केली नव्हती. बॅक दाबणंच त्यांनी सोडलं होतं. कंट्रोल दाबून प्रत्येक नोंद नव्या टॅबमध्ये उघडायला बघायचे, आणि तेही होत नव्हतं, कारण आमच्या ओळी लिंक नव्हत्या, डिव्ह होत्या. शेवटी एकीनं फिल्टर कागदावर लिहून कीबोर्डजवळ ठेवले होते.

स्टेटबद्दलचं, म्हणजे माहिती एका जागी ठेवण्याबद्दलचं, ते वाक्य मूळ लेखात दुरुस्त करतोय. बाकीचा लेख आहे तसाच राहील.