लेख सोडून सारं काही

अभिनंदन! मराठी विकिपीडियावर तुमचं खातं उघडलं. आता फुकट राबायचं, अनोळखी लोकांची बोलणी खायची आणि वर मराठीत ज्ञान आणल्याचं समाधान मानायचं, एवढे सगळे अधिकार तुम्हाला एकदम मिळाले आहेत. लेखाच्या डोक्यावर 'संपादन' असं लिहिलेलं दिसेल. ते कुणालाही दाबता येतं. तुमच्या पुढच्या सगळ्या मनस्तापाचं मूळ तिथेच आहे, तेव्हा ते नीट बघून ठेवा.

विकिपीडिया सुरू झाला जानेवारी २००१ मध्ये आणि मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला, ऐन महाराष्ट्र दिनी. मुहूर्त आपण कधी चुकवत नाही. मुहूर्तानंतरच्या कामासाठी स्वयंसेवक असतात. साधारण शंभर वर्षांपूर्वी श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, तेव्हा त्यांना वर्गणीदार मिळवत हिंडावं लागलं, लेखक जमवावे लागले, छपाईचा खर्च उभा करावा लागला. तुमच्यामागे यातलं एकही लचांड नाही. असा जो वेळ वाचतो तो चर्चापानांवर, म्हणजे लेखामागच्या वाद घालायच्या पानांवर, सत्कारणी लावणं हे संपादकाचं आद्य कर्तव्य.

अर्थात त्याआधी सदस्यपान, म्हणजे तुमची ओळख सांगणारं पान, सजवायला हवं. 'हा सदस्य मुंबईकर आहे', 'हा सदस्य शुद्धलेखनाबाबत आग्रही आहे', 'या सदस्याला कटिंग आवडतो' अशा चौकटी एकाखाली एक लावा. आपण केलेल्या संपादनांचा आकडा सगळ्यात वर, ठळक. हा आकडा वाढवण्याची कला अवघड नाही. 'झलक पाहा' ही सोय आहे, ती वापरू नका. स्वल्पविराम घाला, जतन करा. स्वल्पविराम काढा, जतन करा. दर खेपेला 'हा एक छोटा बदल आहे' या चौकटीत खूण करायची. कल्याण ते सीएसएमटी एवढ्या प्रवासात, बसायला जागा मिळाली नाही तरी, एका हाताने बरंच ज्ञानकार्य होतं.

आकडा वाढला तरी लेख नावावर नाहीत, असं कुणी हिणवू नये म्हणून रेल्वे स्थानकं आहेत. चर्चगेटपासून सुरू करा. 'चर्चगेट हे मुंबईच्या उपनगरी रेल्वेवरील एक स्थानक आहे.' झाला लेख. मग मरीन लाइन्स, मग चर्नी रोड, मग ग्रँट रोड. नाव बदला, वाक्य तेच. पश्चिम, मध्य, हार्बर, ट्रान्सहार्बर सगळं धरलं तर शंभरी आरामात ओलांडता येते. मात्र त्या एका वाक्यापुढे जाण्याचा मोह टाळा. माटुंगा स्थानकाचा सगळा कारभार २०१७ मध्ये महिला कर्मचाऱ्यांकडे सोपवला गेला. दादरला दोन्ही मार्गांवरचे फलाट आपापल्या एक नंबरापासून सुरू व्हायचे आणि परगावच्या पाहुण्याचा हमखास घोळ व्हायचा, म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून पुढचे नंबर दिले गेले. असलं काही लेखात शिरलं की वाचक ते वाचत बसतो, आणि वाचकाला सवय लागली की तो आणखी मागतो. त्यापेक्षा लेखाखाली 'हा लेख अपूर्ण आहे, आपण तो वाढवू शकता' हा साचा, म्हणजे तयार पाटी, लावा. 'आपण' म्हणजे तुम्ही सोडून बाकी सगळे.

स्थानकांची नावं हा मात्र आपला हातखंडा. व्हिक्टोरिया टर्मिनसचं १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आलं. एल्फिन्स्टन रोडचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. आता जुनं नाव दिसेल तिथे नवं घालायला तुमच्या सांगकाम्याला सांगा. सांगकाम्या म्हणजे सांगितलेलं काम निमूट करणारा प्रोग्रॅम. घरात असा एकही माणूस नसल्यामुळे त्याचं आपल्याला विशेष कौतुक. तो रात्रभर इमानाने राबेल आणि सकाळी लेखात वाक्य सापडेल: 'राणी व्हिक्टोरियाच्या सन्मानार्थ या इमारतीला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे नाव देण्यात आले.' त्याच्याच खाली: '१९९६ साली छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे नाव बदलून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असे ठेवण्यात आले.' कुणी हरकत घेतली तर त्याला त्याची अस्मिता विचारा. इतिहासाबद्दल तो बोलत होता, पण तो मुद्दा पुन्हा निघणार नाही.

भांडायला आणखी चांगली जागा हवी असेल तर 'मुंबई' हाच लेख घ्या आणि लोकसंख्येला हात घाला. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३० लाख ८५ हजार. मुंबई उपनगर जिल्ह्याची ९३ लाख ५७ हजार. दोन्ही मिळून १ कोटी २४ लाख. ठाणे, कल्याण, नवी मुंबई वगैरे आसपासचं सगळं धरून जो महानगरी पट्टा मोजला त्याची १ कोटी ८४ लाख. चारही आकडे सरकारी, चारही बरोबर, फक्त मुंबई म्हणजे कुठपासून कुठपर्यंत याची व्याख्या वेगळी. हे एका तक्त्यात मांडलं तर पाच मिनिटांत वाद मिटेल. म्हणूनच तक्ता करायचा नाही. एक आकडा निवडा, त्याच्याशी एकनिष्ठ राहा आणि दुसऱ्याने बदलला की उलटवा, म्हणजे आपला जुना परत आणा. इंग्रजी विकिपीडियावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर कारवाई होते, असा नियम आहे. त्याचा अर्थ तीन वेळा आपला हक्कच आहे, असा घ्यायचा. चौथ्यांदा डोंबिवलीचा मित्र उलटवतो. डोंबिवली मुंबईत धरायची की नाही, हा वाद त्याच्याशी नंतर.

आता संदर्भ. प्रत्येक विधानाला विश्वासार्ह छापील किंवा तत्सम आधार हवा, हा विकिपीडियाचा कणा, आणि तो दुसऱ्याने ताठ ठेवायचा असतो. तुमच्याकडे 'संदर्भ हवा' हा साचा आहे. तो वाक्यागणिक लावत सुटा. 'मुंबई अरबी समुद्राच्या काठी आहे' — संदर्भ हवा. संदर्भ शोधायला माणसं कुठे जातात, याची माहिती असावी, पण जाऊ नये. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, संस्था १८९८ सालची. फोर्टात टाऊन हॉलच्या पायऱ्या चढून गेलं की एशियाटिक सोसायटी, तिचं मूळ १८०४ सालचं. तिथे पुस्तकं असतात. एकदा पुस्तक उघडलं की आपल्याला खात्रीने माहीत असलेल्या गोष्टींतली एखादी तरी चुकीची निघते, आणि मग चर्चापानावर आवाज पूर्वीसारखा लागत नाही.

संदर्भाची गरज स्वतःवरच आली तर एक आडवाट आहे. एखाद्या पुलाविषयी किंवा तलावाविषयी मनाला येईल ते लिहा आणि दोन पावसाळे थांबा. रविवारच्या पुरवणीतला कुणी घाईत असलेला माणूस ते उचलेल. मग त्या पुरवणीचा संदर्भ आपल्या वाक्याला जोडा. ज्ञानाचं चक्र पूर्ण झालं. पुढे तो पूल पालिकेने पाडला तरी तुमचं वाक्य उभं राहतं.

एवढ्या तयारीनंतर तुमच्या वाट्याला खरी परीक्षा येईल ती गिरगावच्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या रूपाने. बाई सत्तरीच्या, बालपण खोताच्या वाडीच्या आसपास गेलेलं. नातवाने खातं काढून दिलं म्हणून एका दुपारी बसून त्यांनी वाडीवर चार परिच्छेद लिहिले. कुठल्या घराला कसला जिना होता, नाताळात कुणाकडून काय यायचं, गणपतीत इकडून तिकडे काय जायचं. मराठी असं, की एक शब्द हलवावा लागू नये. इथे कच खायची नाही. प्रथम स्वागत साचा टाका. त्यात अठ्ठावीस दुवे असतात आणि तो वाचून पूर्ण केलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. लगेच पाठोपाठ 'पानकाढा', म्हणजे हे पान उडवा अशी पाटी, लावा. मग चर्चापानावर लिहा: 'आदरणीय सदस्य, आपला मजकूर मूळ संशोधन या सदरात मोडतो. कृपया धोरणे वाचावीत.'

बाई उत्तर देतील, 'अरे बाळा, हे संशोधन नाही रे, आम्ही राहायचो तिथे.'

तुम्ही लिहा, 'राहणे हा विश्वासार्ह स्रोत नाही. तसेच आपण सही केलेली नाही. संदेशाअखेर चार टिल्डे द्यावेत.'

त्या विचारतील, 'टिल्डे म्हणजे काय? कळफलकावर कुठे असतं ते?'

~ ही ती खूण, चारदा दिली की सही उमटते. पण उत्तर देऊ नका. नियमाच्या बाजूने तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. आठवण हा आधार धरत नाहीत, धरूही नये. फक्त, 'बाई, या वाडीवर छापून आलेलं बरंच काही आहे, तुम्ही लिहिलंय त्यातलं बहुतेक त्यात सापडेल, आपण मिळून संदर्भ जोडू' असं एक वाक्य तुमच्या बोटांवर येईल. ते जतन करू नका. आज एकीला मदत केली तर उद्या दुसरी येईल, आणि मग एक दिवस गिरगाव, लालबाग, माझगाव सगळ्यांवर लेख असतील आणि तुम्ही साचा कशावर लावणार?

भावी नगरसेवकांच्या बाबतीत मात्र मन मोठं ठेवा. 'कार्यसम्राट, युवकांचे आशास्थान, अडल्यानडल्यांचे भाऊ' या लेखाला उल्लेखनीयता नाही, संदर्भ म्हणून वाढदिवसाच्या फ्लेक्सचा फोटो आहे, आणि लिहिणाऱ्याचं सदस्यनाव 'भाऊ समर्थक' आहे. पैसे घेऊन लिहीत असाल तर तसं उघड सांगा, अशी अट विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया या संस्थेने २०१४ पासून घातली आहे. भाऊंच्या माणसाला वाटतं ती कंत्राटदारांसाठी आहे. पण लेख उडवायला गेलात तर कुणीतरी तुमचं खरं नाव आणि प्रभाग शोधून काढील. तेव्हा शौर्य ऱ्हस्व-दीर्घात दाखवा. 'आशास्थान' ठेवा, 'युवकांचे' हवं तर 'युवकांचं' करा. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ सालचे, १९७२ मध्ये त्यांत चार वाढले. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर मराठी माणूस साठ वर्षं भांडतोय, तुम्हालाही आयुष्यभर पुरेल.

फोटोंबाबत थोडक्यात. पहिल्या पावसात हिंदमाताला पाणी भरलं की अख्ख्या शहराकडे फोटो असतो. तो स्वतः काढलेला, मुक्त परवान्याने देता येण्याजोगा फोटो फक्त कौटुंबिक ग्रुपवर टाकावा. लेखात टाकायला वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावरून उचलावा. काढून टाकला, तर 'मी क्रेडिट दिलं होतं' म्हणावं. भारतात प्रताधिकार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, हे कुणी सांगितलं तर त्याला विचारा की पाणी ओसरायला एवढी वर्षं लागतात का.

फेब्रुवारीत कार्यशाळा घ्या. २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन, एखाद्या महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा, चाळीस विद्यार्थी, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं मनोगत. मनोगत संपून खाती उघडायला घेतली की सहा उघडतील आणि सातवं उघडणार नाही, कारण एका अंकपत्त्यावरून, म्हणजे एका इंटरनेट जोडणीवरून, दिवसाला सहाच नवी खाती काढता येतात. आधी विनंती केली तर ही मर्यादा त्या दिवसापुरती वाढवून मिळते. म्हणून आधी विनंती करू नका. उरलेल्या चौतिसांना प्रमाणपत्र द्या. त्यांचा उत्साह शाबूत राहतो. ज्या सहांची खाती उघडली ते यंत्राकडून इंग्रजी लेखाचं भाषांतर करून टाकतील, त्यात मानांकन नसलेली टेनिसपटू 'बियाणे नसलेली' असेल आणि शून्यावर बाद झालेला क्रिकेटपटू 'बदकावर बाहेर' गेलेला असेल. अहवालात लिहा, सहा नवे लेख.

या सगळ्याची दाद मागायला चावडी आहे, म्हणजे विकिपीडियावरचं सगळ्यांचं चर्चेचं पान. सोसायटीची वार्षिक सभा तुम्ही पाहिली असेल: विषय गच्चीच्या गळतीचा असतो आणि रात्री अकराला ठराव होतो पाहुण्यांच्या पार्किंगचा. चावडी तशीच, फक्त सामोसा मिळत नाही. मुद्दा कुठलाही असो, आकडे देवनागरीत असावेत की इंग्रजीत, इथवर तो आणून सोडण्याची जबाबदारी ज्येष्ठांची. प्रचालकांना, म्हणजे पानं काढण्या-राखण्याचे जादा अधिकार असलेल्या सदस्यांना, पक्षपाती म्हणा. त्यांनी तुमची बाजू घेतली तर धाडसी म्हणा. तेही बिचारे बिनपगारीच. दिवसभर शिव्या पुसायच्या, संध्याकाळी आपल्या नावाने लिहिलेल्या वाचायच्या.

आणि वर्षातून दोनदा तरी संन्यास घ्या. सदस्यपान कोरं करून मधोमध लिहा की, इथलं वातावरण पाहता यापुढे योगदान देणं शक्य नाही. कारण सांगू नका, नावं घेऊ नका, पण प्रत्येकाला आपलंच वाटेल असं लिहा. मग बाहेर पडा आणि खातं न वापरता दर तासाला चर्चापान बघत राहा. पहिल्या दिवशी दोघं-तिघं 'परत या' म्हणतील. दुसऱ्या दिवशी तो लोकसंख्यावाला म्हणेल, आणि ते वाचून तुम्हाला थोडं बरं वाटेल. तिसऱ्या दिवशी कुणीतरी मुंबईची लोकसंख्या बदलेल. मग खातं वापरायचं, आकडा उलटवायचा, आणि 'हा एक छोटा बदल आहे' इथे खूण करायची.