खुलासा: रोमान्स भाषांत परिणामदर्शक रचना नसतात?

‘स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन अशा रोमान्स, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या, भाषांत परिणामदर्शक रचनाच (क्रियेमुळे वस्तूची काय अवस्था झाली हे सांगणाऱ्या रचना) नाहीत,’ असं हल्ली बिनदिक्कत ठोकून दिलं जातं. हे अर्धंच खरं. इंग्रजीसारखं (‘हॅमर द मेटल फ्लॅट’, म्हणजे धातू ठोकून सपाट करणं) ‘ठोकणे’ या क्रियापदाला नुसतं ‘सपाट’ जोडून तिथे सहसा भागत नाही; फ्रेंच माणूस सरळ ‘हातोडीनं सपाट केलं’ म्हणतो. पण इटालियनमध्ये ‘पियात्तो पियात्तो’ (सपाट सपाट) अशी विशेषणाची द्विरुक्ती केली, की तेच वाक्य अनेकांना चालतं (आपल्याला द्विरुक्तीचं काय नवल!). ‘लावारे व्हिया’ (‘धुणे’ + ‘दूर’), म्हणजे धुऊन काढणं, तर रोजच्या बोलण्यातलं; ईशान्य इटलीतल्या व्हेनेतो प्रांताच्या बोलींत अशा जोड्यांची रेलचेल. स्पॅनिशमध्ये ‘तेंगो एस्क्रितास त्रेस कार्तास’ म्हणजे तीन पत्रं लिहून तयार आहेत. ‘एस्क्रितास’ इथे पत्रांप्रमाणे स्त्रीलिंगी, अनेकवचनी होतं. हीसुद्धा परिणामदर्शक रचनाच, फक्त घडण वेगळी.