‘९ मीटरवरच खडक लागला’ या रिव्ह्यूबद्दल

नमस्कार सर,

आपलं काम खोळंबलं, मनस्ताप झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत. जमिनीत लहरी सोडून खडक किती खोल आहे ते मोजण्याच्या आमच्या सर्वेक्षणाचा रिपोर्ट उशिरा मिळाल्याची तक्रारही नोंदवून घेतली आहे. पण "नकाशात खडक १८ मीटरवर, बोअरला ९ वरच लागला, निव्वळ फसवणूक" असं आपण चारचौघांत लिहिलंत, म्हणून उत्तरही इथेच द्यावं लागतंय.

आपल्या जागेवर खडकाच्या वर हिमनदीने आणून टाकलेला थर आहे. अशा थरात वाळू, चिकणमाती, गोटे आणि कधीकधी खोलीएवढे धोंडेसुद्धा एकत्र कालवलेले असतात. ड्रिलचं टोक (बिट) अशा धोंड्यावर टेकलं की ड्रिलर म्हणतो, लागला खडक! आपणच टाकलेल्या फोटोतला कोअरचा (बोअरमधून कापून काढलेल्या दगडाच्या कांडीचा) तुकडा नीट बघा. गुलाबी ग्रॅनाइट आहे तो. त्या जागेखाली चुनखडी आहे, सर. शेजारच्या दोन्ही जुन्या बोअरमध्ये चुनखडीच निघाली होती. हा ग्रॅनाइट तिथला नाहीच, बर्फाबरोबर लांबून आलाय. म्हणूनच "खडक लागल्यावर निदान ३ मीटर आत कोअर घ्यावा" असं रिपोर्टच्या पहिल्या पानावर ठळक छापलंय. आपला बोअर दगडात अर्धा मीटर जाऊनच थांबला.

आमच्या जिओफोनच्या (जमिनीतल्या लहरी टिपणाऱ्या, एका रेषेत मांडलेल्या उपकरणांच्या) नोंदीत ९ मीटरच्या आसपास लहरींचा वेग सेकंदाला २००० मीटरच्या आतबाहेर आहे. म्हणजे बर्फाच्या वजनाने घट्ट दाबला गेलेला गाळ. ४००० च्या वरचा, म्हणजे पक्क्या खडकातला वेग १८ च्या सुमाराला लागतो (मीटर-दोन मीटर इकडेतिकडे, तेही लिहिलंय) आणि तो पूर्ण रेषेभर सलग आहे. सुटा धोंडा असा सलग दिसत नाही.

आणि जिओफोनची आडवी दुसरी रेषा "कशाला उगाच खर्च" म्हणून कोणी कमी करायला लावली, ते आपल्याला आठवत असेलच. खाली गाडलेली दरी असली की बाजूच्या उतारावरूनही लहरी येतात, तिथे एकाच रेषेवर विसंबता येत नाही. नकाशावर त्या भागातल्या समोच्च रेषा (खडकाची सारखी पातळी जोडणाऱ्या) म्हणूनच तुटक काढल्या होत्या. तुटक म्हणजे अंदाज.

फसवणूक हा शब्द फार लागला, सर. आमचं पोट याच कामावर आहे. यापुढे रिपोर्ट आणखी सोप्या भाषेत देऊ, फोनही वेळेवर उचलले जातील हे बघू.

तोच बोअर खाली न्या. कोअर बघायला आम्ही स्वतः येऊ, पैसे घेणार नाही. चुनखडी १८ च्या आसपास लागली, तर तेवढा एक शब्द तरी रिव्ह्यूमधून काढा.