संस्कृत बोलल्यानं शुगर उतरते म्हणे!

आमच्या दारव्ह्याकडच्या गावांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. रोज संस्कृत बोला, मज्जासंस्था बळकट होते, मधुमेह अन् कोलेस्टेरॉल जवळ फिरकत नाही. अमेरिकेत सिद्ध झालंय, नासानं मानलंय, मेंदूच्या स्कॅनमध्येही दिसलंय. संस्कृतशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते या पुराव्यांशी.

'अमेरिकेत सिद्ध झालं.' हे वाक्य जवळपास याच शब्दांत १२ डिसेंबर २०१९ला लोकसभेत बोललं गेलं. संस्कृत विद्यापीठांच्या विधेयकावर बोलताना सतनाचे खासदार गणेश सिंह यांनी एका अमेरिकी संस्थेच्या संशोधनाचा हवाला दिला होता. मेसेजमध्ये मात्र संशोधकाचं नाव नाही, किती रोग्यांची रक्ततपासणी झाली तेही नाही. सभागृहात बोललं म्हणून ते प्रयोगशाळेत सिद्ध होत नाही.

'नासानं मानलं.' नासाशी संबंधित रिक ब्रिग्ज यांचा १९८५चा एक लेख आहे. विषय काय, तर संगणकाला माहिती समजेल अशी कशी मांडायची आणि त्याला संस्कृत व्याकरणाचा काय उपयोग. त्यात शुगर शोधून सापडणार नाही.

स्कॅनची गोष्ट खरी आहे, पण अर्धी. जेम्स हार्टझेल आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या २१ वेदपाठी पंडितांच्या मेंदूची चित्रं घेऊन इतर २१ जणांशी ताडून पाहिली. २०१६मध्ये ते छापून आलं. पंडितांच्या मेंदूचे काही भाग जास्त भरलेले दिसले. पण हे लोक वर्षानुवर्षं हजारो शब्दांचे वेदमंत्र मुखोद्गत करणारे. मग फरक भाषेचा, पाठांतराचा की सुरात म्हणण्याचा? एका वेळच्या चित्रावरून ते वेगळं काढता येत नाही. शिवाय मेंदूच्या चित्रात शुगर दिसत नाही, त्याला रक्तच तपासावं लागतं.

मला सगळ्यात आवडतो तो प्रयोग या मेसेजमध्ये नाहीच. २००१ साली इटलीतल्या बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांना 'ॐ मणि पद्मे हुम्' हा संस्कृत मंत्र म्हणायला लावला आणि ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थनाही. दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त तत्पर झाली. लॅटिननंही तेच केलं! म्हणजे करामत संथ श्वासाची. याच हिशेबानं आपल्या हरिपाठानंही ते का होऊ नये? तरी ती माणसं निरोगी होती, मधुमेही नव्हती.

भाषा आणि आजारपणाचं आणखी एक संशोधन तर हैदराबादचं, आपल्याला जवळचं. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांची माहिती मांडली. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला, निरक्षरांतही. आता घरी गोंडी, बाजारात मराठी आणि व्यापाऱ्याशी हिंदी बोलणारी म्हातारी आपल्याकडे गावोगाव आहे; तिला कोणी फॉरवर्ड करत नाही. अर्थात सगळीकडच्या अभ्यासांत हा फायदा इतका स्पष्ट दिसलेला नाही, आणि शुगरचा त्याच्याशीही संबंध नाही.

हे सगळं लिहायचं कारण शेजारचे बाबाजी. मेसेज वाचून त्यांनी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बंद केली. मला म्हणतात, "रोज सकाई अर्धा घंटा स्तोत्र म्हनतो ना मी, मंग गोयी कायले पायजे?" वाढलेली शुगर लगेच दुखत नाही, तीच तर पंचाईत. हळूहळू पायाच्या नसा बधिर होतात. मग तुरीचं धसकट तळव्यात घुसलं तरी कळत नाही, आणि घरच्यांना दिसेस्तोवर जखम चिघळलेली असते.

ज्यांनी मेसेज पाठवला त्यांना एवढंच विचारतो. संशोधकाचं नाव सांगा, किती जणांवर प्रयोग झाला ते सांगा, आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी एचबीएवनसी तपासणी आधी किती होती, नंतर किती झाली ते सांगा. तोवर बाबाजींची गोळी अन् स्तोत्र दोन्ही चालू राहू द्या.