अंतर शून्य मीटर

बूट पायात घालूनच घ्यावेत, या जुनाट हट्टापायी मी दुकानात गेलो.

दारातच जादूचा आरसा. पडद्यावर बूट निवडायचा, की तो म्हणे आपल्या पायांत दिसतो. दिसला, पण मागून जाणाऱ्या एका गृहस्थांच्या पायांत. त्यांना शोभत होता, हेही कबूल करतो.

"खरा बूट मिळेल का? नऊ नंबर?" मी ओशाळून विचारलं.

मुलाने टॅबवर बोटं फिरवली. "सर, नऊ नाहीये. ॲपवरून मागवा ना."

तिथेच उभं राहून ॲप उघडलं. ॲप म्हणालं, नऊ नंबर तुमच्या जवळच्या दुकानात उपलब्ध. अंतर शून्य मीटर.

"मग असेल इथेच कुठेतरी," मुलगा म्हणाला आणि एक यंत्र घेऊन गोदामात शिरला. हल्ली खोक्यांवर आरएफआयडीची चिकटपट्टी असते. रेडिओलहरींवर अख्खा ढीग न उघडता मोजून होतो. मोजून होतो; सापडण्याचं खातं वेगळं. यंत्र आनंदाने चिवचिवत होतं, आम्ही दोघं गुडघ्यांवर. अखेर खोकं मिळालं. आत फक्त उजवा. डावा काचेच्या कपाटात, गिऱ्हाइकांना भुलवायच्या ड्यूटीवर होता.

जोडी जमली. मी ती तिथेच पायात चढवली, जुने बूट खोक्यात टाकले आणि बिल करायला निघालो. बिलही आपलं आपणच करायचं. 1916 साली क्लॅरेन्स सॉन्डर्सने अमेरिकेतल्या मेम्फिसमध्ये 'पिगली विगली' हे किराणा दुकान काढलं आणि फळीवरचा माल गिऱ्हाइकांनाच उचलायला लावला. तोवर ते काम नोकरांचं होतं. तेव्हापासून गिऱ्हाइकाला बढतीवर बढती मिळते आहे, पगाराचं तेवढं कुणी काढत नाही. आज मी रोखपाल झालो होतो.

बारकोड दाखवला. "वस्तू पिशवीत ठेवा," यंत्र म्हणालं. खोकं ठेवलं. "पिशवीत अनपेक्षित वस्तू आहे!" हे त्याने तीनदा सांगितलं, दर वेळी जरा मोठ्याने. पिशवीखाली वजनकाटा असतो, हे मला तेव्हा कळलं. मुलगा धावत आला, खोकं उघडलं. माझे जुने बूट, त्यांतला एक तोंड वासलेला, रांगेतल्या सगळ्यांनी पाहिले. यंत्राचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

घरी पोचतो तोच ॲपचा निरोप आला, 'तुम्ही पाहिलेला बूट अजून तुमची वाट पाहतोय!'

मी पटकन खाली पाहिलं. दोन्ही होते.