सोळा खोल्या आणि एक पाहुणा

संगणकाच्या पोटात नवे कार्ड बसवणे म्हणजे एक स्क्रू पिळण्याचे काम, असे विक्रेता सांगतो आणि त्यात तो खोटे बोलत नाही. स्क्रू खरोखरच एक असतो आणि तो मुकाट्याने बसतो. २००१ साली लॅमिंग्टन रोडवरून मी आणलेले व्हिडिओ कॅप्चर कार्डही असेच विनातक्रार खाचेत शिरले. आतेबहिणीच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट सीडीवर उतरवून तिच्याकडे न्यू जर्सीला पाठवावी, अशी आत्याची इच्छा होती. आणि "घरात कॉम्प्युटर आहे ना, मग एक बटण तर दाबायचं" असे तिचे या विषयातले तांत्रिक मत होते.

विंडोज ९८ ने नव्या कार्डाची दखल घेतली, ड्रायव्हरची सीडी मागितली, ती गिळली आणि संगणक पुन्हा सुरू करण्याची अनुमती मागितली. व्हीसीआर जोडला, आणि पडद्यावर खरोखरच लग्नमंडप अवतरला. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव आला, करवल्या आल्या, विहीणबाईंनी काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले आणि ते तसेच उघडे राहिले. माउस हलेना, कीबोर्ड दाद देईना. थोड्या वेळाने विहीणबाईही गेल्या आणि संपूर्ण पडदा निळा झाला.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावावर पिवळ्या वर्तुळातले उद्गारचिन्ह झळकत होते. त्यावर टिचकी मारल्यावर जो खुलासा मिळाला त्याचा आशय असा, की या उपकरणासाठी मोकळा आयआरक्यू शिल्लक नाही. ते वापरायचे असेल तर दुसरे एखादे उपकरण बंद करा. कोणते, ते मात्र घरच्यांनी आपसांत ठरवायचे होते.

यामागचा इतिहास वाचल्यावर माझा राग कार्डावरून उठला आणि योग्य ठिकाणी जाऊन बसला. कोणत्याही उपकरणाला प्रोसेसरशी बोलायचे असले, तर "हातातले काम ठेवा आणि इकडे पाहा" असा संकेत द्यावा लागतो. तो ज्या वाटेने जातो तिला आयआरक्यू म्हणतात. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीत अशा आठ वाटा होत्या. १९८४ च्या एटी मॉडेलात आणखी आठ काढल्या, परंतु त्या जुन्यांपैकी दोन क्रमांकाच्या वाटेतून, त्यामुळे सोळांतली एक जिन्यातच गेली. ही रचना गिरगावातल्या पागडीच्या चाळीची आहे, आणि भाडेकरूही तसेच आहेत. शून्य क्रमांकाच्या खोलीत टायमर आणि एकमध्ये कीबोर्ड, हे मूळचे रहिवासी. तीन आणि चारमध्ये दोन सीरियल पोर्ट. त्यांतल्या तीन नंबरवाल्याकडे कोणी आल्यागेल्याचे कोणाला आठवत नाही, पण दाराला कुलूप लावून जागा अडवलेली. पाचमध्ये आयएसए या जुन्या पद्धतीच्या खाचेतले आमचे साउंड कार्ड, ज्याला खोलीत दुसरे माणूस चालत नाही. सहामध्ये फ्लॉपी, सातमध्ये प्रिंटर, आठमध्ये घड्याळ, बारामध्ये माउस, चौदा-पंधरामध्ये हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह यांचे बिऱ्हाड. खरी कमाल तेराव्या खोलीची. ती गणिती कोप्रोसेसरच्या नावावर आहे. हे गृहस्थ १९८९ साली ४८६ आल्यापासून मुख्य प्रोसेसरच्याच घरात राहायला गेले. तरी इकडची खोली सोडायची बात नाही.

उरल्या नऊ, दहा आणि अकरा. तेवढ्या जागेत डिस्प्ले कार्ड, मोडेम, यूएसबी, वीजव्यवस्थापनाची यंत्रणा आणि आता हा नवा पाहुणा. त्यातच यादीत ठिकठिकाणी "आयआरक्यू होल्डर फॉर पीसीआय स्टिअरिंग" असे एक नाव दिसे. हे कोणतेही उपकरण नसून नुसती जागा धरून बसलेली नोंद आहे, हे समजायला मला बराच वेळ लागला.

तत्त्वतः भांडणाचे काही कारण नव्हते. पीसीआय, म्हणजे आयएसएनंतरच्या नव्या पद्धतीच्या खाचांतल्या, कार्डांनी एका वाटेवर गुण्यागोविंदाने नांदावे, असा नियमच आहे. मात्र त्यासाठी आलेली हाक आपल्याला आहे की शेजाऱ्याला, हे तपासण्याचे सौजन्य प्रत्येकाच्या ड्रायव्हरमध्ये असावे लागते, आणि सेकंदाला पंचवीस चित्रे आत ओतणाऱ्या कार्डाच्या शेजाऱ्याला ते सौजन्य फार काळ टिकवता येत नाही.

कार्ड विकणाऱ्या मुलाला फोन केला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहेब, स्लॉट बदलून बघा." सल्ला रास्त होता. पीसीआयला संकेताच्या तारा चार, आमच्या मदरबोर्डवर खाचा पाच, त्यात एजीपी या खास चित्रासाठीच्या खाचेतले डिस्प्ले कार्ड वेगळे. तेव्हा कोणीतरी कोणाशी तरी वाटून घेणारच. पहिली पीसीआय खाच त्या काळच्या बहुतेक बोर्डांवर नेमकी डिस्प्ले कार्डाशी वाटून घेई, आणि ज्याला पहिल्यांदाच कार्ड बसवायचे असे तो ते पहिल्याच खाचेत बसवी. कोणती खाच कोणाची भागीदार, याचा तक्ता मदरबोर्डच्या पुस्तिकेत होता आणि पुस्तिका माळ्यावर होती.

मग कार्डांची बदली सुरू झाली. कॅप्चर कार्ड तिसऱ्या खाचेत गेले तेव्हा चित्र सुरेख आले, परंतु मोडेम मेला. अण्णांचा संध्याकाळी इंटरनेटवर शेअरचे भाव पाहण्याचा परिपाठ होता. ते दारात उभे राहून म्हणाले, "तुमचं लग्न लागलं असेल, तर आमची लाइन द्या." मोडेम हलवला तर साउंड कार्ड रुसले आणि मुक्या बँडपथकामागून मुकी वरात निघाली. कार्ड पाचव्या खाचेत टाकले, तर विंडोजला ते अगदी नवे वाटले आणि त्याने पुन्हा ड्रायव्हरची सीडी मागितली. संगणकाचे झाकण एव्हाना दिवाणाखाली गेले होते. "अहो, ते झाकण नकोच असेल तर भंगारवाल्याला तरी द्या," असे घरातून सुचवण्यात आले.

अखेर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, शिरलो. तिथे "पीएनपी ओएस इन्स्टॉल्ड" असा एक प्रश्न असे, म्हणजे कार्डे स्वतः ओळखून त्यांना जागा वाटणारी प्रणाली बसवली आहे का. विंडोज ९८ त्या जातीचीच असल्याने प्रामाणिक उत्तर "होय" असे होते आणि ते दिले, की वाटपाचा अधिकार विंडोजकडे जाई. मी "नाही" असे धडधडीत खोटे सांगितले, "रीसेट कॉन्फिगरेशन डेटा" करून जुने सगळे करार रद्द केले आणि दुसरा सीरियल पोर्ट बंद करून टाकला. तीन नंबरचे कुलूप तुटले. बायोसने ती खोली निमूटपणे कॅप्चर कार्डाला दिली. चित्र आले, आवाज आला, मोडेमही किंचाळला. सीरियल पोर्टच्या वतीने आजतागायत कोणी विचारायला आलेले नाही.

मग मी कॅप्चरचे बटण दाबले, आणि सुमारे सात मिनिटांनी सारे आपोआप थांबले. या वेळी भांडण नव्हते, निव्वळ अंकगणित होते. ३५२ बाय २८८ चे चित्र न आवळता साठवले, तर सेकंदाला सुमारे पाच मेगाबाइट लागतात, आणि आमच्या सॉफ्टवेअरची एव्हीआय फाइल दोन गिगाबाइटच्या पुढे वाढत नव्हती. कॅसेट तीन तासांची. सात मिनिटांत सीमांतपूजनाचे पाय धुऊनसुद्धा होत नाहीत.

आत्याला हे सांगितल्यावर तिने क्षणभर विचार केला. "मग तेवढं मंगळसूत्र घालतानाचं काढ. बाकी सगळी जेवणावळच आहे," असे म्हणून ती स्वतःच व्हीसीआरचा रिमोट घेऊन बसली आणि पुढेमागे करत तो प्रसंग तिने अचूक शोधून काढला. तिथे व्हिडिओवाल्याने पडदाभर फिरणारे एक गुलाबी हृदय टाकलेले होते, आणि नवरा-नवरी त्याच्या मागे होती.